दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका: बायका आणि अल्पसंख्याकांचा इतिहास नीट वाचायचा कसा

ह्या विषयात कोणी पहिल्यांदा शिरलं, मग ते कॉलेजचं प्रोजेक्ट असो, भाषण असो नाहीतर नुसतं कुतूहल असो, पहिल्या अर्ध्या तासात ठरलेल्या दोनच गोष्टी हाताला लागतात. एक, डोक्याला लाल रुमाल बांधून दंडाची बेडकी दाखवणारी बाई. दोन, काटेरी तारांच्या आत ठेवलेली जपानी कुटुंबं. मग माणूस दोन परिच्छेद लिहून मोकळा होतो, की युद्धामुळे बायका घराबाहेर पडल्या हे चांगलं झालं आणि जपानी लोकांवर अन्याय झाला हे वाईट झालं. दोन्ही वाक्यं खोटी नाहीत, पण त्यातून कळत काहीच नाही. कोणाला काय मिळालं, कोणी भांडून मिळवलं आणि ते किती दिवस टिकलं हे कळायला हवं असेल तर वाचायची सवय जरा बदलावी लागते. अवघड काही नाही, फक्त थोडा खवचटपणा लागतो.

आधी तारखा

एक वही घ्या, पानाचे दोन भाग करा. डाव्या बाजूला कायदा, हुकूम, निकाल जे काय असेल त्याची तारीख, उजव्या बाजूला त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पंधरवड्यात काय चाललं होतं ते. बस, एवढंच. सगळ्यात जास्त उलगडा ह्याच एका गोष्टीने होतो, बाकीच्या युक्त्या नंतर.

उदाहरण घ्या. २५ जून १९४१ ला अध्यक्ष रूझवेल्टनी हुकूम क्रमांक ८८०२ काढला, की युद्धसामग्रीच्या कारखान्यांत आणि सरकारी नोकऱ्यांत वंश, रंग, धर्म बघून कोणाला नाकारायचं नाही. नुसतं हे वाचलं तर वाटतं काय मोठ्या मनाचा माणूस! आता उजवी बाजू भरा. रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टर लोकांची युनियन चालवणारे ए. फिलिप रँडॉल्फ ह्यांनी जाहीर केलं होतं की १ जुलैला वॉशिंग्टनमध्ये मोर्चा आणणार, आणि आकडा सांगितला होता एक लाख माणसांचा. १८ जूनला रूझवेल्ट त्यांना भेटले, मोर्चा मागे घ्या म्हणाले, हे काही हलले नाहीत, आणि मोर्चाच्या सहा दिवस आधी हुकूम निघाला. मग मोर्चा रद्द. आणि त्या हुकमात सैन्याचा उल्लेखच नाही, म्हणजे लढायला जाणारी कृष्णवर्णीय पोरं युद्ध संपेपर्यंत वेगळ्या तुकड्यांतच राहिली. सैन्यातला हा भेद काढायचा हुकूम आला २६ जुलै १९४८ ला, ट्रूमन ह्यांच्या सहीने, आणि तिथेही उजवी बाजू भरलीत तर परत तेच रँडॉल्फ सापडतील, पोरांना लष्करभरतीला नकार द्यायला सांगेन म्हणून दम देताना, वर निवडणुकीचं वर्ष.

एकदा ही खोड लागली की मग सगळीकडे दिसायला लागतं. इटालियन नागरिकत्व असलेले साधारण ६ लाख लोक अमेरिकेत 'शत्रू परदेशी' म्हणून नोंदवले गेले होते, त्यांच्यावर फिरण्याची, रेडिओ ठेवण्याची बंधनं होती, बेसबॉलचा हिरो जो डिमॅजिओच्या वडिलांना सॅन फ्रान्सिस्कोच्या मच्छीमार धक्क्यावर जायची बंदी होती. ह्या लोकांवरचा शिक्का काढल्याची घोषणा झाली १२ ऑक्टोबर १९४२ ला, म्हणजे इटालियन कोलंबसच्या नावाच्या सणाला, कोलंबस डेला, आणि अमेरिकन काँग्रेसच्या म्हणजे तिथल्या संसदेच्या निवडणुका नोव्हेंबरच्या सुरुवातीला. इटालियन मतदार किती होते ते आता तुम्हीच शोधा. नौदलाच्या महिला शाखेत, वेव्हज म्हणायचे तिला, कृष्णवर्णीय बायकांना घ्यायचा निर्णय झाला ऑक्टोबर १९४४ मध्ये, अध्यक्षपदाच्या मतदानाला काही आठवडे उरलेले असताना. चिनी लोकांना बंदी घालणारा १८८२ पासूनचा कायदा रद्द झाला १७ डिसेंबर १९४३ ला, कारण चीन मित्रराष्ट्र होता आणि जपान रेडिओवरून आशियाभर सांगत होता की बघा, तुमचे मित्र तुम्हाला दारात उभं करत नाहीत. मग दार किती उघडलं? वर्षाला १०५ माणसं. भारतीय आणि फिलिपिनो लोकांना नागरिकत्वाचा हक्क देणारा लूस-सेलर कायदा २ जुलै १९४६ चा आहे, कोटा प्रत्येकी १००, आणि फिलिपिन्स स्वतंत्र झालं ४ जुलैला. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड ह्यांना तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं, तेव्हापासून भारतीय लटकलेले होते.

पण तारखांची सगळ्यात झकास जोडी म्हणजे १७ आणि १८ डिसेंबर १९४४. ती जपानी लोकांच्या भागात सांगतो.

फोटो आणि पोस्टर

लाल रुमालवाल्या बाईपासूनच सुरू करू. ते पोस्टर जे. हॉवर्ड मिलरने वेस्टिंगहाऊस कंपनीसाठी काढलं, फेब्रुवारी १९४३ मध्ये कंपनीच्या कारखान्यांत जेमतेम दोन आठवडे लागलं आणि उतरवलं. बायकांनी नोकरीला यावं म्हणून ते नव्हतंच, आधीच कामावर असलेल्या लोकांनी जास्त माल काढावा, कुरकुर करू नये म्हणून होतं. बाहेरच्या जगाने ते बघितलंही नाही. आज तिला 'रोझी द रिव्हेटर' म्हणतात, पण तिचं नाव तेव्हा रोझी नव्हतं, रोझी हे नाव १९४२ च्या एका गाण्यातलं, आणि त्या काळात लोकांच्या डोळ्यासमोर जी रोझी होती ती नॉर्मन रॉकवेलने २९ मे १९४३ च्या सॅटरडे ईव्हनिंग पोस्टच्या मुखपृष्ठावर काढलेली, दणकट, मांडीवर रिव्हेट मारायचं मशीन, हातात सँडविच. मिलरचं पोस्टर गाजलं १९८० नंतर. म्हणजे 'ह्या पोस्टरने लाखो बायकांना कारखान्यात आणलं' असं वाक्य कुठे दिसलं की त्या लेखावर लगेच शंका घ्या.

पुढची गंमत फोटोची. त्या पोस्टरमागची खरी बाई म्हणून कित्येक वर्षं मिशिगनच्या जेराल्डिन हॉफ डॉयल ह्यांचं नाव घेतलं जायचं, त्यांना स्वतःलाही तसंच वाटायचं. जेम्स किंबल नावाच्या प्राध्यापकाने त्या जुन्या फोटोची मूळ प्रत शोधून काढली, मागे चिकटवलेली ओळ वाचली, आणि त्यात मार्च १९४२, कॅलिफोर्नियातला अलामेडा नौदल तळ आणि नाव नेओमी पार्कर. वर त्या फोटोवरूनच पोस्टर काढलं ह्याचा पक्का पुरावा नाहीच. एवढं सगळं फक्त फोटोमागची चिठ्ठी कोणी उलटून बघितली नव्हती म्हणून.

तर तुम्हीही तेच करायचं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन आणि ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन ह्या दोन सरकारी खात्यांच्या फोटोंचा संग्रह फुकट बघायला मिळतो, कृष्णधवल निगेटिव्ह १ लाख ७५ हजारांच्या आसपास आणि रंगीत साधारण १६००. फोटो बघायच्या आधी खालची ओळ वाचा, म्हणजे कोणत्या खात्यासाठी काढला, कुठे, कोणत्या महिन्यात. आल्फ्रेड पामरने विमान कारखान्यांतल्या बायकांचे काढलेले रंगीत फोटो तुम्ही शंभर टक्के बघितले असणार, केस नीट, लिपस्टिक नीट, प्रकाश सिनेमासारखा. ते प्रचारखात्याचं काम होतं, बाईला उभं करून, लाइट लावून काढलेलं. खोटं नाही, पण रात्रपाळीच्या शेवटी ती बाई तशी दिसत नसणार एवढं लक्षात ठेवा. आणि त्याच संग्रहात ऑगस्ट १९४२ चा गॉर्डन पार्क्सचा फोटो शोधा, वॉशिंग्टनच्या एका सरकारी इमारतीत झाडू मारणाऱ्या एला वॉटसन, हातात झाडू, बाजूला मॉप, मागे अमेरिकेचा झेंडा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. त्याच देशाचं, त्याच वर्षांतलं, आणि दोन्ही सरकारी खात्यांसाठीच काढलेलं.

छावण्यांच्या फोटोंना ही काळजी दुप्पट घ्या. डोरोथिया लँगला १९४२ मध्ये सरकारनेच जपानी लोकांना हलवतानाचे फोटो काढायला नेमलं, तिने जे काढलं ते बघून लष्कराने युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवलं. ॲन्सेल ॲडम्स १९४३ मध्ये मॅनझॅनार छावणीत गेला, त्याचे फोटो हसऱ्या चेहऱ्यांचे, स्वच्छ उन्हातले, ह्या लोकांनी कसं धीराने जगणं उभारलं ते दाखवणारे, हेतू चांगलाच होता. आणि तिसरा तोयो मियाटाके, हा स्वतः तिथे कैदी. कॅमेरे जप्त झालेले, तर ह्याने लेन्स लपवून आत नेली आणि सुताराकडून लाकडी डबा करून घेऊन त्याचा कॅमेरा बनवला, पुढे मग अधिकाऱ्यांनीच परवानगी दिली. छावणी एकच, पण तिघांनी दाखवलेल्या तीन छावण्या! कोणाचा फोटो वापरताय ते लिहा, नुसतं 'मॅनझॅनार, १९४३' लिहून चालत नाही.

सरकारी कागद वाचताना

१९ फेब्रुवारी १९४२, हुकूम क्रमांक ९०६६. हा आख्खा वाचा, लांब नाही. त्यात 'जपानी' हा शब्दच सापडणार नाही. लष्करी भाग ठरवायचे आणि तिथून कोणालाही काढायचं, एवढंच. मग पश्चिम किनाऱ्यावर विजेच्या खांबांवर जे कागद चिकटवले ते वाचा, त्यात जपानी वंशाचे सगळे, 'परदेशी आणि बिगर-परदेशी' असं लिहिलंय. हे बिगर-परदेशी म्हणजे कोण? तर अमेरिकेचे नागरिक! नागरिक म्हटलं की हक्क आले, म्हणून तो शब्द टाळलाय. साधारण १ लाख २० हजार माणसं काढली गेली आणि त्यातली दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन. हातात मावेल तेवढंच सामान, बहुतेकांना आठवडाभरसुद्धा मुदत नाही, दुकानं-बोटी-शेतं मिळेल त्या भावाने विकायची. आधी सांता अनिता, टॅनफोरानसारख्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांवर, कित्येक कुटुंबं घोड्यांच्या तबेल्यात, आणि मग आतल्या दहा छावण्यांत.

इथे एक प्रश्न हमखास विचारा: हेच हवाईत का नाही केलं? जपानने बॉम्ब टाकले ते पर्ल हार्बर तर हवाईत आहे, आणि तिथे लोकसंख्येचा एक तृतीयांशाहून जास्त भाग जपानी वंशाचा होता. तिथे मार्शल लॉ लावला, निवडक लोकांना पकडलं, पण सगळ्यांना उचललं नाही, कारण उचललं असतं तर बेटं चालवायला माणसंच उरली नसती. म्हणजे धोका हेच खरं कारण होतं का, ह्याचं उत्तर नकाशावरच मिळतं.

आता ती तारखांची जोडी. १८ डिसेंबर १९४४ ला सुप्रीम कोर्टाने दोन निकाल दिले. घर सोडून जायला नकार दिलेल्या फ्रेड कोरेमात्सु ह्यांच्या खटल्यात ६ विरुद्ध ३ ने म्हटलं की किनाऱ्यावरून हाकलणं घटनेत बसतं. आणि मित्सुये एन्डो ह्या सॅक्रामेंटोच्या, सरकारी कचेरीत टायपिंग करणाऱ्या तरुणीच्या खटल्यात एकमताने म्हटलं की निष्ठावान नागरिकाला सरकार असं डांबून ठेवू शकत नाही. लष्कराने किनाऱ्यावरची बंदी उठवत असल्याची घोषणा केली १७ डिसेंबरला, आदल्या दिवशी, रविवारी! निकाल येणार हे कळलं होतं हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. आणि रूझवेल्ट परत निवडून आले होते नोव्हेंबरमध्ये. एन्डोबद्दल अजून एक, खटला चालू असताना तिला सोडायची तयारी सरकारने दाखवली होती, सुटली असती तर खटलाच बारगळला असता, म्हणून ती छावणीतच राहिली. कोरेमात्सुचं नाव सगळ्यांना माहीत, हिचं कोणाला नाही. बाई आहे म्हणून की जिंकली म्हणून, काय माहीत.

कागदांची ताकद काय असते ते बघायचं तर आयको हर्झिग-योशिनागा ह्यांची गोष्ट वाचाच. तरुणपणी मॅनझॅनारला कैदेत होत्या, इतिहासाची पदवी वगैरे काही नाही, पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये जाऊन स्वतःच्या घरची फाईल बघता बघता तिथेच रमल्या. १९८२ मध्ये त्यांना तिथे पश्चिम किनाऱ्यावरून जपानी लोकांना हलवणारे लष्करी अधिकारी जनरल डेविट ह्यांच्या अहवालाची मूळ आवृत्ती टेबलावर पडलेली दिसली. छापलेल्या अहवालात म्हटलं होतं की कोण निष्ठावान आणि कोण नाही हे तपासायला वेळ नव्हता. मूळ आवृत्तीत म्हटलं होतं की वेळेचा प्रश्नच नाही, ह्या लोकांमध्ये तो फरक करताच येत नाही. बाकीच्या प्रती जाळायचा आदेश होता, ही एक सुटली. पुढच्याच वर्षी असल्या कागदांच्या जोरावर कोरेमात्सुची शिक्षा कोर्टाने रद्द केली, आणि १९८८ च्या कायद्याने हयात लोकांना माफी आणि २० हजार डॉलर मिळाले. धडा साधा, एखाद्या अहवालाचा मसुदा मिळत असेल तर आधी मसुदा वाचा.

ह्याच १९८८ च्या कायद्यात एक दुसरी नुकसानभरपाई आहे जी लोक ओलांडून पुढे जातात. अलास्काच्या अल्यूशन आणि प्रिबिलॉफ बेटांवरचे ८८१ मूळनिवासी १९४२ मध्ये जपानी हल्ल्यापासून वाचवायचं म्हणून उचलले आणि दक्षिणेकडे बंद पडलेल्या मासळी-डबाबंदीच्या कारखान्यांत नेऊन टाकले, धड पाणी नाही, डॉक्टर नाही. दहातला एक माणूस मेला. शत्रू म्हणून नव्हे, संरक्षण म्हणून! त्यांना प्रत्येकी १२ हजार डॉलर.

'बायका' असं एकगठ्ठा लिहू नका

१९४० मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या बायका साधारण १ कोटी २० लाख होत्या, युद्ध रंगात आलं तेव्हा १ कोटी ८० लाखांच्या पुढे गेल्या. हा आकडा सगळे देतात, पण त्यातून असं वाटतं की सगळ्या घरात बसलेल्या होत्या आणि युद्धाने दार उघडलं. कृष्णवर्णीय बायका तर पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच राबत होत्या, १९४० मध्ये त्यांच्यातल्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त बायका दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं ह्यातच होत्या. त्यांच्यासाठी बदल हा घरातून कारखान्यात असा नव्हता, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून कारखान्यात असा होता. कॅलिफोर्नियात रिचमंडला रोझीच्या नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे शंभरीपर्यंत रेंजर म्हणून काम केलेल्या बेटी रीड सॉस्किन लोकांना हेच सांगायच्या, की रोझी ही गोऱ्या बायकांची गोष्ट, माझी नाही. त्या स्वतः युद्धात जहाज बांधणाऱ्या कामगारांच्या बॉयलरमेकर युनियनच्या कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या केलेल्या शाखेत क्लार्क होत्या, जहाजसुद्धा बघितलं नव्हतं म्हणायच्या.

युनियनचा मुद्दा आला की थांबा आणि खोदा, कारण तिथे मालकाइतकेच कामगारही आडवे आलेले दिसतात. जून १९४३, डेट्रॉइटचा पॅकार्ड कारखाना, तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती दिली म्हणून २५ हजार गोरे कामगार संपावर. त्याच महिन्यात शहरात दंगल, ३४ मृत्यू, त्यातले २५ कृष्णवर्णीय आणि त्यांतले १७ पोलिसांच्या हातून. ऑगस्ट १९४४, फिलाडेल्फिया, आठ कृष्णवर्णीयांना ट्राम चालवायला शिकवायला घेतलं म्हणून शहराची वाहतूक ठप्प, शेवटी रूझवेल्टना सैन्य पाठवावं लागलं. ऐन युद्धात! देशभक्ती देशभक्ती म्हणतात ती अशी ट्रामच्या सीटवर येऊन थांबते.

मुलांना कोणी सांभाळलं हा प्रश्न विचारायला विसरू नका, ह्यावर लिहिणारे पुरुष तो हमखास विसरतात. लॅनहॅम कायद्याखाली केंद्र सरकारच्या पैशातून पाळणाघरं चालली, १९४४ मध्ये एका वेळी सव्वा लाखाच्या वर मुलं त्यात होती. पोर्टलंडला कैसर कंपनीच्या जहाज कारखान्यांच्या दारातच पाळणाघरं बांधली, रात्रपाळीलाही उघडी, आणि आईला घरी जाताना गरम शिजवलेलं जेवण विकत नेता यायचं. १९४६ च्या फेब्रुवारीपर्यंत केंद्राचा पैसा बंद. सरकारच्याच विमेन्स ब्यूरोने युद्धाच्या शेवटी विचारलं तेव्हा कामावरच्या बायकांपैकी साधारण पाऊण हिस्सा म्हणत होत्या की आम्हाला काम चालू ठेवायचंय. 'युद्ध संपलं आणि बायका आनंदाने घरी परतल्या' हे वाक्य जिथे दिसेल तिथे हा आकडा समोर ठेवा.

सैन्यातल्या बायकांचं वाचायचं तर वास्प म्हणजे विमान उडवणाऱ्या बायकांपासून सुरू करा, ती गोष्ट वाचायला घेतली की सोडवत नाही. अर्ज २५ हजार, पात्र होऊन बाहेर पडल्या १०७४, टेक्सासच्या स्वीटवॉटरला ट्रेनिंग. लष्कराची विमानं इकडून तिकडे न्यायची, दुसऱ्या सैनिकांनी खऱ्या गोळ्या झाडून नेमबाजी शिकावी म्हणून मागे कापडी निशाण बांधून उडायचं. ३८ जणी मेल्या. पण कागदावर त्या सिव्हिलियन, म्हणून मेलेल्या बाईला घरी पाठवायचा खर्च मैत्रिणी वर्गणी काढून करायच्या, शवपेटीवर झेंडा नाही. २० डिसेंबर १९४४ ला तुकडीच बंद, माजी सैनिक असा दर्जा १९७७ मध्ये. ह्यांच्यातही परत पदर आहेत, कृष्णवर्णीय बायकांचे अर्ज घेतलेच नाहीत. हेझल यिंग ली ही चिनी अमेरिकन पायलट नोव्हेंबर १९४४ मध्ये मॉन्टानात अपघातात गेली, काही दिवसांतच तिचा भाऊ फ्रान्समध्ये मारला गेला, आणि पोर्टलंडच्या कब्रस्तानाने सांगितलं की ह्या भागात आशियाई लोकांना पुरत नाही. घरच्यांनी भांडून जागा मिळवली.

वर्तमानपत्रं आणि पत्रं

त्या काळची वर्तमानपत्रं एकेकटी वाचू नका, जोडीने वाचा. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसला खलाशी आणि सैनिक रस्त्यावर, थिएटरात घुसून ढगळ झूट सूट घातलेल्या मेक्सिकन अमेरिकन पोरांना बडवत होते, कपडे फाडत होते, पोलीस अटक करत होते पोरांनाच. शहरातल्या मोठ्या पेपरांनी खलाशांनी गुंडांना धडा शिकवला असं छापलं. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्टनी ह्यात वंशाचा प्रश्न आहे म्हटलं तर लॉस एंजेलिस टाइम्सने त्यांच्यावर कम्युनिस्ट विचारांचा ठपका ठेवला. म्हणजे मोठा पेपर वाचला की लगेच त्या समाजाचा पेपर शोधायचा. कृष्णवर्णीयांसाठी पिट्सबर्ग कुरिअर. ३१ जानेवारी १९४२ ला त्यात कॅन्ससच्या विचिटामधल्या जेम्स थॉम्प्सन नावाच्या तरुणाचं पत्र आलं, विमान कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करणारा, त्याने विचारलं की बाहेर एक विजय आणि घरात दुसरा विजय असे दोन का मागू नयेत, आणि त्यातून 'डबल व्ही' ची (व्ही म्हणजे व्हिक्टरी, विजय) आख्खी मोहीम उभी राहिली. सैनिकांच्या यँक मासिकातलं एप्रिल १९४४ चं रूपर्ट ट्रिमिंगहॅमचं पत्रही वाचा, लुइझियानातल्या स्टेशनवर कृष्णवर्णीय सैनिकांना जेवायला मागच्या दाराने स्वयंपाकघरात पाठवलं आणि समोर जर्मन युद्धकैदी टेबलावर बसून जेवत होते.

छावण्यांतूनही पेपर निघायचे आणि ते लायब्ररी ऑफ काँग्रेसवर आहेत. एकाचं नाव चक्क मॅनझॅनार फ्री प्रेस! अधिकाऱ्यांच्या नजरेखाली निघायचे म्हणून अग्रलेख फार मनावर घेऊ नका, बारीक बातम्या वाचा, नोकरीच्या सूचना वाचा. छावणीतल्या कामाचा पगार १२, १६ आणि १९ डॉलर महिना, डॉक्टरलासुद्धा १९.

मुलाखती ऐकायच्या असतील तर सिॲटलच्या डेन्शो संस्थेचा संग्रह फुकट आहे आणि चांगला आहे. ऐकताना एवढंच ध्यानात ठेवा, बोलणारे बहुतेक निसेई, म्हणजे अमेरिकेत जन्मलेली पिढी, त्या वेळी पोरं होती, त्यांच्या आठवणीत बेसबॉल आणि नाच पण येतो. त्यांच्या आया, ज्यांनी आडोसा नसलेल्या संडासांत दिवस काढले आणि मेसमुळे घरातलं एकत्र जेवण मोडलेलं बघितलं, त्यांचं बोलणं फार थोडं रेकॉर्ड झालंय. आणि सगळे गप्प सोसत होते असं तर अजिबात लिहू नका. डिसेंबर १९४२ ला मॅनझॅनारमध्ये जमावावर गोळीबार झाला, दोघं मेले. हार्ट माउंटन छावणीतल्या ६३ तरुणांनी आधी आमचे हक्क द्या मग भरती करा म्हणून नकार दिला आणि १९४४ मध्ये तुरुंगात गेले, त्याच वेळी जपानी वंशाच्या सैनिकांच्या ४४२ व्या रेजिमेंटमधली त्यांच्याच वयाची पोरं इटलीत लढत होती. दोन्ही लिहायचं.

१९४५ ला पुस्तक मिटू नका

प्रत्येक गटाला १९४६ ते ४८ पर्यंत पुढे न्या, तिथे खरा हिशेब लागतो. आयझॅक वुडर्ड, फेब्रुवारी १९४६, सैन्यातून सुटून काही तास झालेले, अंगावर युनिफॉर्म, साउथ कॅरोलायनात पोलीसप्रमुखाने मारून दोन्ही डोळे घालवले, गोऱ्या ज्युरीने त्या पोलीसप्रमुखाला सोडलं. हे वाचल्यावर ट्रूमनच्या १९४८ च्या हुकमाची उजवी बाजू अजून भरते. नावाहो जमातीचे मूळनिवासी संकेतवाले सैनिक, ज्यांच्या भाषेतला कोड जपान्यांना फुटला नाही, त्यांना ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मतदानाचा हक्क मिळाला १९४८ मध्ये. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या घरकर्जाचा जीआय कायदा सगळ्यांसाठी होता ना? १९४७ मध्ये मिसिसिपीच्या शहरांची पाहणी झाली तर ३२२९ कर्जांत कृष्णवर्णीयांची दोन. आणि कॅलिफोर्नियातलं नौदलाचं बंदर पोर्ट शिकागो, १७ जुलै १९४४ ला दारूगोळा भरताना स्फोट, ३२० मृत्यू, त्यातले २०२ कृष्णवर्णीय, परत भरायला नकार दिला म्हणून ५० जणांना बंडखोरीची शिक्षा. नौदलाने त्यांना निर्दोष ठरवलं १७ जुलै २०२४ ला. बरोबर ८० वर्षं.

इतकं सगळं एका लेखात कोंबू नका, होत नाही. एक शहर घ्या. मी लॉस एंजेलिस सुचवेन, १९४२ ते ४६. जपानी कुटुंबं काढल्यावर लिटल टोकियो रिकामं झालं, दक्षिणेकडून कारखान्यांच्या कामाला आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे दाटीवाटीने राहायला आली, कारण बाकी शहरात घरांच्या करारांतच गोऱ्यांशिवाय कोणाला द्यायचं नाही अशी अट असायची, आणि त्या वस्तीला लोक ब्रॉन्झव्हिल म्हणायला लागले. त्याच शहरात झूट सूटची मारामारी, जवळच लाँग बीचला डग्लसच्या विमान कारखान्यात पामरने फोटो काढलेल्या बायका. मग १९४५ मध्ये जपानी लोक परत यायला लागले. तेव्हा ब्रॉन्झव्हिलमधले भाडेकरू कुठे गेले, जागा कोणाच्या नावावर होती, १९४८ च्या शेली खटल्यात सुप्रीम कोर्टाने असल्या अटी कोर्टातून राबवायला बंदी केली त्याच्या आधी त्यांच्यापुढे कोणते रस्ते होते, ह्या एका प्रश्नामागे लागा आणि वहीचं डावं-उजवं भरत जा.